घरच्या वर्कशॉपसाठी छोटं मिलिंग मशीन: आधी बीड, मग बाकीचं

प्रश्न असा आहे: घरी बेंच ड्रिल आणि छोटा लेथ आहे, आता मिलिंग हवं आहे. कामं म्हणजे मॉडेल इंजिनाचे भाग, ब्रॅकेट, की-वे. माल बहुतेक ॲल्युमिनियम आणि पितळ, अधूनमधून एमएस (माइल्ड स्टील). जागा गॅरेजएवढी, वीज सिंगल फेज. ड्रिललाच क्रॉस व्हाइस (दोन दिशांना सरकणारा व्हाइस) लावून भागेल का? नाहीतर कोणतं मशीन घ्यावं, आणि घेतल्यावर त्यात काय काय सुधारावं?

ड्रिलचं आधी मिटवू. नाही भागणार. ड्रिलचं स्पिंडल उभा दाब घ्यायला बनवलेलं असतं, आडवा नाही. त्यात चक नुसता टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, अडकलेला असतो, त्याला वरून ओढून धरणारा ड्रॉबार नसतो. एंड मिलच्या (मिलिंगच्या दांडीवजा कटरच्या) दर दातागणिक आडवा ठोका बसतो, टेपर सैल होतो आणि फिरता चक कटरसकट खाली येतो. तो नाही आला तरी चकच्या तीन जबड्यांत कटरची कडक दांडी (शँक) घट्ट धरली जात नाही. दातांच्या पिळामुळे (हेलिक्समुळे) कटर स्वतःच खाली सरकत जॉबमध्ये रुतत जातो. क्रॉस व्हाइसचे पैसे वाचवा.

मिलिंग मशीन घेताना एकच गोष्ट अशी आहे की ती नंतर विकत मिळत नाही, आणि ती म्हणजे बीड, मशीनचं ओतीव लोखंड. मोटर बदलता येते, बेल्ट बसवता येतो, डीआरओ (टेबलची जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) लावता येतो, बेअरिंग चांगली घालता येतात. पण ५० किलोच्या मशीनचं १५० किलोचं होत नाही. म्हणून जागा आणि जिना परवानगी देतील तेवढं जड मशीन घ्या, भले त्यासाठी सहा महिने थांबावं लागलं तरी.

मोटर किती वॅटची, हे सगळे पहिलं विचारतात आणि त्याचंच महत्त्व सगळ्यात कमी. हिशेब करून पाहा. एमएस कापायला कटरच्या धारेशी ढोबळमानाने दर घन मिलिमीटरला ३ ज्यूल लागतात. १० मिमीच्या कटरने पूर्ण रुंदीची, १ मिमी खोल खाच मिनिटाला १०० मिमी वेगाने काढली तर मिनिटाला १००० घन मिमी माल निघतो. म्हणजे ३००० ज्यूल, भागिले ६०, झाले ५० वॅट. गिअर आणि बेअरिंगमधली गळती दुप्पट धरली तरी शंभर. ३५० वॅटची मोटर हे हसतखेळत करते. तरी छोटं मशीन याच कटवर किंचाळायला लागतं, कारण कॉलम वाकतो, स्लाइड हलते, कटर मागे ढकलला जातो आणि पुन्हा आत उसळतो. त्यालाच चॅटर म्हणतात. अशा मशीनला दुप्पट मोटर लावली तर चॅटर दुप्पट जोमाने होईल, एवढाच फायदा.

आता बाजारातले वर्ग. सगळ्यात माहितीचं म्हणजे चीनच्या सीग कंपनीचं एक्स२ आणि त्याच साच्यातून वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी भावंडं. वजन साधारण ५०-६० किलो. कंपनीच्याच कोष्टकात ड्रिल १३ मिमी, एंड मिल १६ मिमी, फेस मिल ३० मिमी असे आकडे असतात. ॲल्युमिनियममध्ये ते खरे धरा, एमएसमध्ये निम्मे. त्याचा कमकुवत दुवा ठरलेला आहे: कॉलम डावी-उजवीकडे कलता करण्यासाठी एका मोठ्या बोल्टवर उभा केलेला असतो आणि सगळा आडवा भार त्या एका जोडावर येतो. कलता कॉलम वर्षातून एकदाही वापरला जात नाही. जॉबच वाकडा धरून ते काम होतं. तेव्हा याच वर्गातलं पक्क्या कॉलमचं मॉडेल मिळत असेल तर डोळे मिटून तेच घ्या.

त्याच्या वरचा वर्ग बीएफ२० घडणीचा, १०० किलोच्या आसपास, टेबल ५०० बाय १८० मिमी. त्याहून वर एक्स३, दीडशे किलोच्या पुढे. घरच्या कामासाठी आमचा कौल याच दोघांपैकी एकाला. कॉलम सोडवून, टेबल उतरवून दोन-तीन माणसं ते जिन्याने नेऊ शकतात. एमएसमध्ये १० मिमी कटरने दीड-दोन मिमीचा कट शांतपणे निघतो.

गोल कॉलमची मशीन वजनाने मोठी आणि किमतीने मोहात पाडणारी. तैवानच्या रोंग फू कंपनीचं आरएफ-३० हा त्यांचा मूळ नमुना, आणि आपल्याकडे ‘ड्रिल कम मिलिंग’ म्हणून विकली जाणारी बरीच मशीन याच धर्तीची. अडचण एकच, पण रोजची: हेड (स्पिंडल आणि मोटरचा वरचा भाग) वर-खाली केलं की ते कॉलमभोवती थोडं फिरतं आणि धरलेलं शून्य जातं. एंड मिल काढून लांब ड्रिल लावायचं म्हटलं की हेड उचलायलाच लागतं. एकाच उंचीवर सगळं काम बसवायची सवय असेल, आखूड स्टब ड्रिल वापरत असाल, तर हे मशीन एक्स२पेक्षा कितीतरी जास्त माल काढतं. आरएफ-४५ मध्ये चौकोनी डोव्हटेल कॉलम आहे, तिथे ही तक्रार उरत नाही.

तळमजला असेल आणि खाली पक्की जमीन असेल तर जुनं टरेट मिलिंगही विचारात घ्या. हे ब्रिजपोर्टच्या घडणीचं, वजन टनाच्या आसपास. थ्री फेज नाही म्हणून लोक बिचकतात, पण सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारी व्हीएफडी (इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावून ते सुटतं, फक्त मोटरची पाटी नीट वाचा. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या मोटरी सहसा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आली असतील तर पट्ट्या डेल्टात फिरवा, मोटर २४० व्होल्टच्या व्हीएफडीवर पूर्ण ताकदीने चालते. ३ एचपी आणि वरच्या मोटरी बहुधा ४१५ डेल्टाच असतात. त्यांना रिवाइंडिंग किंवा दुसरी मोटर. जुन्या मशीनमध्ये पाहायचं ते रंग नाही. टेबल मधोमध आणून जिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) असा आवळा की हाताला किंचित ओढ लागेल, मग टेबल दोन्ही टोकांकडे न्या. टोकाला अडकलं आणि मध्ये मोकळं राहिलं तर स्लाइड मध्यभागी झिजलेली आहे. ते दुखणं स्क्रेपिंगशिवाय, म्हणजे स्लाइड हाताने खरवडून सपाट केल्याशिवाय, बरं होत नाही.

स्पिंडलचा टेपर कोणता, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा. छोट्या मशीनमध्ये सहसा दोन पर्याय: आर८ आणि एमटी३. लेथचं टेलस्टॉक एमटी३ असेल तर हत्यारं सामायिक वापरता येतील, असं वाटतं. ड्रिल चकपुरतं ते खरं. पण लेथच्या एमटी३ हत्यारांना मागे जीभ असते, ड्रॉबारचे आटे नसतात, आणि आट्यांशिवाय एमटी३ मिलिंगला वापरणं म्हणजे पुन्हा ड्रिल मशीनचीच गत. शिवाय एमटी३ चिकटतो. ड्रॉबार एक-दोन फेरे सैल करून पितळी हातोडीने डोक्यावर टोला द्यावा लागतो, आणि तोच टोला बेअरिंगलाही बसतो. कामाने गरम झालेल्या स्पिंडलमध्ये हत्यार रात्रभर ठेवलं तर सकाळी निघता निघत नाही. आर८ चा कोन मोठा, तो हलक्या ठोक्याने सुटतो. त्याच्या ड्रॉबारचे आटे ७/१६ इंच, २० टीपीआय. पर्याय असेल तर आर८.

मशीन घेण्याआधी आणखी एक बेरीज करा, ती जवळजवळ सगळे विसरतात: टेबलपासून स्पिंडलच्या नाकापर्यंतची उंची. व्हाइस ७० मिमी, जॉब ४०, १० मिमीचं ड्रिल चकबाहेर ९०, चक आणि त्याचा आर्बर १००. झाले ३००. आता हा आकडा मशीनच्या कोष्टकातल्या जास्तीत जास्त उंचीशी ताडून पाहा. छोट्या मशीनवर भलामोठा १२५ मिमीचा व्हाइस बसवणाऱ्यांची इथेच कोंडी होते. एक्स२ ला ८० मिमीचा, बीएफ२० ला १०० मिमीचा व्हाइस पुरे. तो मात्र चांगला घ्या. आवळताना हलता जबडा वर उचलला जाणार नाही, उलट खाली दाबला जाईल, अशा रचनेचा. एकूण पैशांपैकी किमान एक तृतीयांश व्हाइस, कॉलेट, कटर, क्लॅम्प आणि डायल इंडिकेटरसाठी बाजूला काढा. सगळे पैसे मशीनवर घालवलेला माणूस पुढचे चार महिने त्याच्यावर फडकं मारत बसतो.

आता सुधारणा. पहिल्या तिन्हींना पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि फरक सगळ्यात जास्त यांनीच पडतो.

मशीन आलं की पूर्ण खोला. लावलेलं चिकट ग्रीस डिझेलने धुवा. जिबच्या खाचेत आणि नटच्या पोटात ओतकामाची वाळू आणि कीस सापडतो, आणि तोच पहिल्या महिन्यात स्लाइड खातो. कडांचे बर बारीक ऑइल स्टोनने उतरवा. जिब काचेवर ठेवून हलते का ते बघा. वाकडी असेल तर काचेवर ४०० नंबरचा पेपर ठेवून घासा. सरळ जिबच्या ग्रब स्क्रूंची टोकं कधी कधी अणकुचीदार असतात, ती जिबमध्ये आडवेतिडवे खड्डे पाडतात आणि मग जिब स्क्रू ढकलेल तिकडे सरकते. टोकं घासून सपाट करा किंवा सपाट टोकाचे स्क्रू घाला. बसवताना मधला स्क्रू आधी, मग कडेचे. एका वेळी आठवा भाग फेरा, दर वेळी टेबल पूर्ण लांबी फिरवून. स्लाइडला ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल घाला. ग्रीस नको, ते कीस धरून ठेवतं.

दुसरं, ट्रामिंग, म्हणजे स्पिंडल टेबलला काटकोनात आणणं. स्पिंडलमध्ये आडवी दांडी धरून तिला डायल टेस्ट इंडिकेटर लावा. टोक ७५ मिमी त्रिज्येवर, म्हणजे १५० मिमीचं वर्तुळ. टी-स्लॉटमध्ये टोक अडकू नये म्हणून टेबलवर मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग किंवा ग्राइंड केलेली प्लेट ठेवा. डावी-उजवीकडचा फरक हेड किंवा कॉलम कलवून जातो. पुढे-मागचा फरक शिमनेच (पातळ पत्र्याच्या पट्टीने) काढावा लागतो. समजा पुढे इंडिकेटर ०.०६ मिमी जास्त दाबला जातो. म्हणजे कॉलम वरून पुढे झुकलेला आहे. कॉलम बेसवर सपाट बसलेला असेल आणि पुढच्या-मागच्या बोल्टमधलं अंतर १२० मिमी असेल, तर पुढच्या बोल्टांखाली ०.०६ × १२० ÷ १५०, म्हणजे साधारण ०.०५ मिमीची पितळी शिम. तीही फक्त बोल्टाभोवती चिंधीसारखी नको, कडेची पूर्ण रुंदी भरेल अशी पट्टी. ०.०२ वर आलं की थांबा.

इथे एक गफलत होते. स्पिंडल टेबलला काटकोनात असणं वेगळं आणि कॉलमची चाल टेबलला काटकोनात असणं वेगळं. दुसरी तपासायला टेबलवर चांगला गुण्या उभा करा, इंडिकेटर त्याला टेकवा आणि हेड वर-खाली करा. चाल बरोबर आणि स्पिंडल वाकडं निघालं तर शिम कॉलमखाली नाही, हेड आणि त्याच्या स्लाइडच्या मध्ये. हे न तपासता कॉलमखाली शिम घातली की फेस मिलिंग सुंदर होतं आणि भोकं तिरकी पडतात.

तिसरं, स्टँड. लाकडी टेबलवर ठेवलेलं मशीन पुढे-मागे डुलतं आणि दोष बेअरिंगला दिला जातो. ५० मिमी चौकोनी नळीचा वेल्ड केलेला स्टँड, वर १० मिमीची प्लेट, मशीन चार बोल्टांनी आवळलेलं. बोल्ट आवळताना टेबलवर इंडिकेटर ठेवून बघा. प्लेट वाकडी असेल तर बेस पिळला जातो आणि नुकतं केलेलं ट्रामिंग वाया जातं. त्यामुळे सगळ्यात शेवटी ट्राम पुन्हा एकदा तपासा.

बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली मोकळी फट, शून्य करायच्या मागे लागू नका. नट चिरलेला (आवळता येणारा) असेल तर ०.०५ ते ०.०८ मिमीवर आणून सोडा. त्याहून आवळला तर स्क्रू मध्यभागी झिजतो आणि टोकांना अडकतो. मापाचा प्रश्न एकाच दिशेने येण्याच्या सवयीने सुटतो. बॅकलॅशचा खरा धोका क्लाइंब मिलिंगमध्ये आहे, म्हणजे कटरचे दात आणि टेबल एकाच दिशेने जातात तेव्हा. कटर टेबल स्वतःकडे ओढतो, तेवढी फट एका झटक्यात भरतो आणि एक दात दहा दातांचा घास घेतो. १० मिमीपर्यंतचे कटर याने पटकन तुटतात. कट कायम फीडच्या विरुद्ध दिशेने घ्या. क्लाइंब फक्त शेवटच्या ०.०५-०.१ मिमीच्या फिनिशला, टेबलचं लॉक थोडं ओढून. आणि जो अक्ष हलवायचा नाही तो लॉक करायचाच.

डीआरओ मात्र लवकर लावा. एका फेऱ्याला १.५ किंवा २ मिमीच्या चकत्या मोजत बसण्यात चुका होतात, आणि होतात त्या नेमक्या शेवटच्या भोकाला. कॅलिपरसारख्या स्वस्त कॅपॅसिटिव्ह पट्ट्या कूलंटच्या थेंबाने वेड्या होतात. काचेची ५ मायक्रॉनची किंवा मॅग्नेटिक पट्टी घ्या. छोट्या मशीनवर मॅग्नेटिक बरी, कारण ती बारीक असते आणि वाय अक्षाची मागची चाल खात नाही. डीआरओ बॅकलॅश मोजमापातून काढतो, मशीनमधून नाही. वरचा परिच्छेद लागूच राहतो.

ड्राइव्हचं म्हणाल तर एक्स२ मधले प्लास्टिकचे गिअर बदनाम आहेत. कटर अडकला की दात उडतात. त्यावर लोखंडी गिअर घालणं हा वाईट उपाय: आवाज वाढतो, आणि पुढच्या वेळी मोटर किंवा कंट्रोलर जातो. बेल्ट ड्राइव्ह घाला. अडकला की घसरतो, आवाज जातो, फिनिश सुधारतं, आणि वरचा वेगही थोडा वाढवता येतो. एक्स२ मूळ २५०० फेऱ्यांवर थांबतं. ॲल्युमिनियममध्ये ३-४ मिमीच्या कटरला ते कमीच पडतं.

बेअरिंग शेवटच्या यादीत ठेवा. आधी स्पिंडलच्या टेपरच्या आत इंडिकेटर लावून रनआउट (फिरताना किती डुलतं ते) मोजा. ०.०१ असेल तर हात लावू नका. बहुतेक वेळा दोष कॉलेटचा निघतो. ईआर कॉलेट (कटर धरणारी चिरलेली बाही) आधी नटमध्ये तिरका करून खटकन बसवायचा असतो, मग कटर, मग होल्डर. कॉलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट आवळला की रनआउट दहापट होतो आणि कॉलेट आत फसतो. खरोखर बदलायचीच असतील तर जुन्यांवरचा नंबर वाचा. ६२०६ निघाली तर ७२०६ ही अँग्युलर कॉन्टॅक्ट जोडी त्याच मापात, ३० बाय ६२ बाय १६ मिमी, बसते. टेपर रोलर ३०२०६ जास्त ताठ, पण तिची रुंदी १७.२५ मिमी आहे. सव्वा मिमीचा हिशेब कुठेतरी लावावा लागतो, नाहीतर झाकण बसत नाही. हातोडीने ठोकू नका. आट्यांची दांडी आणि नळीचे तुकडे घेऊन ओढून बसवा. ग्रीस पोकळीच्या एक तृतीयांश. नंतर अर्धा तास हळूहळू वेग वाढवत चालवा. हाऊसिंगवर हात ठेववत नसेल तर प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळलेला दाब) जास्त झालाय.

हेड स्वतःच्या वजनाने खाली येत असेल तर गॅस स्प्रिंग लावा. हेड वजनकाट्यावर ठेवा, किलोला दहाने गुणा, तेवढ्या न्यूटनची किंवा जरा वरची घ्या. कॉलम ताठ करायचा तर मागे २० मिमीची प्लेट, कॉलमला आणि बेसला दोन्हीकडे बोल्ट केलेली. कॉलमची पाठ खडबडीत असते. प्लेट तशीच आवळली तर कॉलम तिच्यासारखा वाकतो. मध्ये इपॉक्सी पुट्टीचा थर द्या, ती सुकली की मगच बोल्ट आवळा. पोकळ कॉलममध्ये खडी आणि इपॉक्सी भरल्याने ताठपणा फारसा वाढत नाही, कंप मात्र लवकर विझतो.

याहून स्वस्त ताठपणा कटरमध्ये आहे. बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट होतं. जाडी ६ वरून १० मिमी केली की ते जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येतं. वेगाचं सूत्र: ३१८ गुणिले कापण्याचा वेग, भागिले कटरचा व्यास. एमएसला एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटरने मिनिटाला २५ मीटर धरले तर १० मिमीला ८०० फेरे, ६ मिमीला १३००. ॲल्युमिनियमला ६० ते ९० मीटर. फीडला लोक घाबरतात आणि तिथेच कटर मारतात. चार दातांचा कटर, ८०० फेरे, दाताला ०.०३ मिमी, म्हणजे मिनिटाला ९६ मिमी. २ मिमीच्या स्क्रूवर हँडल सेकंदाला जवळजवळ एक फेरा. त्याहून बरंच हळू फिरवलं तर दात कापत नाही, घासतो, आणि धार जाते.

वीज गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. नो-व्होल्ट रिलीजचा स्विच आणि हाताशी लाल बटण हे पहिल्याच दिवशी. व्हीएफडी असेल तर तिचा ऑटो-रीस्टार्ट बंद करा, आणि चालू असताना व्हीएफडी आणि मोटरच्या मधली वायर तोडणारा कॉन्टॅक्टर ठेवू नका, ड्राइव्ह जाते. कंट्रोलरच्या डब्याच्या फटी बंद करा. ॲल्युमिनियमचा एक बारीक कीस सर्किट बोर्डवर पडला तरी खेळ खलास.

सीएनसीचं विचारलं नाहीत, पण विचाराल. वर्षभर हाताने चालवा, मग ठरवा. १६०५ चे (१६ मिमी व्यास, फेऱ्याला ५ मिमी चाल) बॉल स्क्रू घातले की हाताने काम करणं जवळपास संपतं, कारण ते कटच्या जोराने उलटे फिरतात आणि स्टेपर बंद असताना टेबल जागेवर राहत नाही.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात टेबल एका रात्रीत तांबडं होतं. काम संपलं की ऑइलचा हात फिरवा, वर प्लास्टिक नको, जाड सुती चादर टाका. प्लास्टिकखाली दव धरतं. चादरीखाली हवा जरा कोमट राहावी म्हणून ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब, कापडापासून वीतभर लांब आणि तारेच्या जाळीत.